पहिली रायफल घेताना: पनवेलकरांसाठी चार गोष्टी

नेरे, वावंजे, मोरबे या बाजूला ज्यांनी गेल्या काही वर्षांत जमीन घेऊन फार्महाउस बांधलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी एक प्रश्न असतो. भातात रानडुकरं शिरतात, आंब्यावर वानरं उतरतात, मग बेताच्या किमतीतली एखादी बोल्ट-ॲक्शन रायफल आणि तिच्यावर बसणारी बरी दुर्बीण कुठली घ्यावी? या प्रश्नाचं मूळ बहुतेक वेळा मोबाइलवर सापडतं. अमेरिकेतला कोणी गृहस्थ माळावर पालथा पडून दोनशे मीटरवरच्या बिळातून डोकं काढणारा प्राणी टिपतो आणि खाली रायफलीची किंमत, दुर्बिणीची ताकद, काडतुसाचं नाव असा सगळा तपशील दिलेला असतो. तिकडे तो सुट्टीचा छंद आहे. आपल्याकडे तोच छंद केला तर सोमवारी वनखात्याला जबाब द्यावा लागेल.

म्हणून आधी कायदा, मग रायफल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. जखमी करणं, विष घालणं, फासे लावणं, हाकून आणणं, घरटी आणि अंडी उचलणं, एवढंच काय पण मारण्याचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत येतं. कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं ज्या पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ म्हणून होती, ती अनुसूचीच उरलेली नाही. एरवीच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा जागा अभयारण्यातली असेल, तर किमान तीन वर्षं आणि कमाल सात. हत्यार आणि गाडी सरकारजमा होऊ शकते ते वेगळंच.

अभयारण्य तर आपल्या दारातच आहे. कर्नाळा १९६८ सालचं, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय कुठलंही शस्त्र घेऊन शिरता येत नाही. तेव्हा पेणकडे जाताना गाडीच्या डिकीत रायफल असेल, तर ती पेटीत, कुलपात आणि रिकामी असू द्या, आणि कर्नाळ्याच्या गेटपाशी चहाला थांबून ती कोणाला दाखवत बसू नका.

सालिम अलींनी लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि तिथून त्यांचं पक्षिशास्त्र सुरू झालं, ही गोष्ट अशा वेळी हटकून पुढे येते. गोष्ट खरी आहे. पण ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, आणि आज वनरक्षकाला ती ऐकवून उपयोग नाही.

ज्याचं खरोखरच पीक जातं त्या शेतकऱ्याला वाट नाही असं नाही, पण ती दुकानातून जात नाही, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कचेरीतून जाते. नुकसान दिसताच कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, फोटो आणि सातबारा जोडून भरपाईचा अर्ज करायचा. प्राणी उभ्या पिकाला धोकादायक ठरला, तर कायद्याच्या ११व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. ती परवानगी त्या प्राण्यापुरती, त्या कारणापुरती. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरता उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात सिमल्याची माकडं अशी जाहीर झाली होती. केरळने रानडुकरासाठी हेच मागितलं, ते केंद्राने दिलं नाही. म्हणजे ज्या राज्यात माणसं रानडुकरांच्या हल्ल्यात दगावतात, तिथेही हा दरवाजा सहज उघडत नाही. फार्महाउसच्या मालकाने तो ठोठावण्यापेक्षा सौरकुंपणाचा हिशेब मांडावा. उंदीर-घुशींसाठी सापळा पुरतो.

आता त्या बोल्ट-ॲक्शनबद्दल. १९८०च्या दशकापासून खासगी माणसाला परदेशी बंदुका आयात करायला जवळजवळ बंदी आहे, त्यामुळे व्हिडिओतली नावं पाठ करून काही हाती लागत नाही. साध्या परवानाधारकाला वर्षानुवर्षं मिळत आलेली देशी बोल्ट-ॲक्शन म्हणजे बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल. दणकट, जड आणि खांद्याला चांगलाच धक्का देणारी. ती घ्यायची तर शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवाना लागतो. पनवेल शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, म्हणून अर्ज तिकडे. अलिबाग, रोहा, महाड या बाजूच्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कायद्यात ज्या हत्याराचा उल्लेख आहे, ती आहे ठासणीची बंदूक. दुर्बिणीची रायफल नव्हे. आणि परवाना मिळाला म्हणून जनावर मारायची मुभा मिळत नाही, ती परवानगी निराळी.

एवढं वाचून ज्यांचा उत्साह मावळला नाही, त्यांच्यासाठी पुढचं लिहितो. कारण रायफल हातात धरावी, नेम धरावा, दूरवरचा बारीक ठिपका फोडावा ही ओढ खरी असते आणि तिच्यात वाईट काही नाही. तिला पनवेलमध्ये चांगली जागाही आहे. अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेल्या सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये नवीन पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मारले होते. टोकियो आणि पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी अवनी लेखरा त्यांच्या हाताखाली शिकली. भारतीय रायफल संघटना १९५१ मध्ये उभी राहिली ती गणेश वासुदेव मावळंकरांच्या पुढाकाराने. तेच लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि त्यांच्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा आजही होते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटरचा जगज्जेता झाला. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनची जगज्जेती झाली. आणि बोल्ट-ॲक्शनच हवी असेल, तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, त्यातली .२२ची रायफल हाताने बोल्ट मागे-पुढे करूनच चालते. तिथवर जायचा रस्ता मात्र दहा मीटरच्या हवेच्या रायफलीवरून जातो.

हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .१७७पेक्षा जास्त नसेल आणि तोंडाशी ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त नसेल, तरच परवान्यातून सूट आहे. .२२च्या हवेच्या रायफलीला परवाना लागतो, मग ती कितीही मरतुकडी असो. दुकानदार ओळखपत्र आणि फोटो मागेल, तो द्या. न मागणाऱ्या दुकानातून घेऊ नका. बिल जपून ठेवा, त्यावर व्यास आणि अनुक्रमांक लिहिलेला असू द्या. नाक्यावर पोलिसाने विचारलं तर तुमच्या बाजूने बोलणारा तोच एक कागद असतो.

खोक्यावरच्या वेगाच्या आकड्याला भुलू नका. ‘सेकंदाला हजार फूट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. हजार फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. स्पर्धेचा नेहमीचा शिशाचा छर्रा असतो ०.५३ ग्रॅमचा. या वेगाने तो खरोखर सुटला तर ऊर्जा होते साडेचोवीस जूल, म्हणजे ती रायफल परवान्याची झाली. मग कंपनी खोटं बोलते का? नाही, ती पत्र्यासारख्या हलक्या मिश्रधातूचा छर्रा घालून मोजते. तुम्ही शिशाचा छर्रा घातलात की वेग बराच खाली येतो. उलट ज्या रायफलींवर ऑलिंपिक पदकं मिळतात, त्यांचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरनेच जातो, ऊर्जा जेमतेम आठ जूल. दहा मीटरवर कागद फोडायला त्याहून जास्त लागत नाही. वेगाच्या मागे लागून माणूस घेतो ती कडक स्प्रिंगची, झटके मारणारी रायफल, आणि मग सहा महिन्यांत ती माळ्यावर जाते.

बाजारात मुख्यतः दोन जाती. पहिली स्प्रिंगची: नळी मोडून वाकवायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, चाप ओढला की दट्ट्या पुढे जाऊन हवा ढकलतो. प्रेसीहोलसारख्या देशी कंपन्यांच्या रायफली दहा-वीस हजारांच्या घरात मिळतात, पंप नाही, सिलिंडर नाही, वर्षानुवर्षं चालतात. दुसरी दाबाची हवा भरलेली, जिला दुकानात पीसीपी म्हणतात. हिच्यात झटका नाहीच म्हटलं तरी चालेल, नेम फार सोपा, पण सोबत पंप किंवा सिलिंडर आला. हॅमर्लीची एआर २० ही स्पर्धेच्या रायफलींमध्ये त्यातल्या त्यात परवडणारी गणली जाते, तरी ती लाखाच्या वर जाते. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, आनशुट्झ यांच्या वरच्या रायफली अडीच-तीन लाखांच्या आसपास. आकडे डॉलर-युरोप्रमाणे हलतात, म्हणून घ्यायच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

नव्याने सुरुवात करणाऱ्या मोठ्या माणसाने स्प्रिंगची घ्यावी, असं माझं मत आहे, आणि ते क्लबातल्या सगळ्यांना पटत नाही. त्यांचं म्हणणं, स्प्रिंग वाईट सवयी लावते. माझं म्हणणं, ती सवयी दाखवते. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत दट्ट्याच्या धक्क्याने रायफल दोनदा हलते, एकदा मागे, एकदा पुढे. रायफल आवळून धरली की प्रत्येक वेळी आवळणं वेगळं होतं आणि छर्रे कागदभर पसरतात. डाव्या हाताच्या तळव्यावर नुसती ठेवून, तिला हलू देऊन मारली की तेच छर्रे एका नाण्याखाली जमतात. हे एकदा हाताला कळलं की पुढची कुठलीही रायफल सोपी वाटते. मुलगा किंवा मुलगी स्पर्धेसाठी जाणार असेल, तर मात्र हा उपद्व्याप नको. क्लबच्या पीसीपीवर शिकू द्या.

दुकानात काय पाहायचं? पाहण्याआधी विचारा, की रायफल रिकामी आहे ना, आणि स्वतः नळी उघडून खात्री करा. मग डोळे मिटून ती खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आपोआप दिसली, तर दस्ता तुमच्या अंगाचा आहे. मान वाकवावी लागली किंवा गाल उचलावा लागला, तर नाही. दुकानदार म्हणेल, सवय होईल. होत नाही, मान दुखते. दस्ता कोपराच्या आतल्या घडीत टेकवून बोट चापापाशी आणा. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज बसलं पाहिजे. ते पोचत नसेल तर दस्ता लांब, बोट दुमडून पलीकडे जात असेल तर आखूड. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपल्याला चालत नाही, तशीच दुसऱ्याची रायफल.

मग चाप. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सगळ्यात कमी पाहिला जातो. स्प्रिंगची रायफल छर्रा न घालता सोडायची नसते, आतला दट्ट्या भिंतीवर आपटतो आणि स्प्रिंग खराब होते. म्हणून दुकानात मागे पेटी-पेपरचा आडोसा असेल तरच छर्रा घालून चालवून दाखवायला सांगा. चाप हळूहळू ओढा. आधी थोडी मोकळी चाल, मग एक भिंत लागते, त्या भिंतीवर थोडा जोर दिला की काच फुटल्यासारखा तो सुटला पाहिजे. दोरी ओढल्यासारखा तो सरकत, खरखरत गेला, तर ती रायफल किमतीला कितीही बरी असली तरी ठेवून द्या. नळी पुन्हा बंद करताना बिजागरापाशी बाजूने डुगडुगते का तेही बघा. डुगडुगत असेल तर नेम रोज वेगळा लागेल. वजन? दहा मीटरच्या स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण बारा वर्षांच्या पोराला साडेतीन किलोची रायफलसुद्धा पाचव्या मिनिटाला जड होते.

छर्ऱ्यांवर कंजुषी करू नका. कागदासाठी सपाट तोंडाचे घ्या, भोक गोल आणि स्वच्छ पडतं, गुण मोजायला सोपं. एकाच कंपनीचे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर डोक्याचे छर्रे मिळतात. तिन्हींची एकेक डबी आणून प्रत्येकी दहा-दहा छर्रे एकाच ठिकाणी नेम धरून मारा. ज्यांचा घोळका लहान तेच त्या नळीचे छर्रे. त्यात पाच मिलिमीटरचा फरक निघाला, तर तो रायफल बदलून मिळाला नसता. शिसं आहे, तेव्हा मारून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नये.

आता दुर्बीण. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि सगळ्यात कमी विचार करतात. पहिला प्रश्न: स्पर्धेत उतरायचंय? मग दुर्बीण घेऊच नका. दहा मीटर आणि पन्नास मीटर, दोन्हीकडे ती चालत नाही. तिथे पीप साइट असते, मागे बारीक भोक, पुढे कडी, आणि कडीच्या मध्ये काळा गोल बसवायचा. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. आपल्याकडे नवशिक्यांसाठी ओपन साइटच्याही स्पर्धा होतात, त्यात साधी खाच आणि माशी. घरच्या घरी, रेंजवर किंवा स्वतःच्या शेतातल्या बंदिस्त जागेत कागद-डबे फोडायचे असतील, तर दुर्बीण जरूर घ्या. पंचेचाळिशीनंतर माशी धूसर दिसू लागते. अशा डोळ्यांना दुर्बीण फार मदत करते, कारण मग सगळं एकाच अंतरावर दिसतं.

स्प्रिंगच्या रायफलीसाठी दुर्बीण घेताना ‘हवेच्या रायफलीला चालेल का’ हे स्पष्ट विचारा. दट्ट्याच्या त्या दोन्ही दिशांच्या झटक्यांनी मोठ्या बंदुकीसाठी बनवलेली महागडी दुर्बीणसुद्धा आतून खिळखिळी होते, कारण ती एकाच दिशेचा धक्का सोसायला बनवलेली असते. पुढच्या भिंगाची कडी फिरवून दहा मीटरवर चित्र स्वच्छ करता आलं पाहिजे. शंभर यार्डांवर कायमची बसवलेली दुर्बीण दहा मीटरवर धूसर दिसते, आणि डोळा थोडा इकडे-तिकडे हलला की काट्याची फुली लक्ष्यावरून काही मिलिमीटर सरकते. तुम्ही म्हणता नेम चुकला, चुकलेला असतो डोळा. ताकद चारपट पुरे. तीन ते नऊपट बदलणारी मिळाली तर ठीक. सोळापट, चोवीसपट अशी घेऊ नका, ती तुमच्या छातीचे ठोके मोठे करून दाखवते. बसवायच्या कड्यांना मागे अडवणारी पिन असू द्या, नाहीतर शंभरेक छर्ऱ्यांत दुर्बीण खाचेवरून मागे सरकते.

नेम बसवणं, म्हणजे झिरो करणं, एका सकाळचं काम आहे. रायफल मऊ पिशवीवर टेकवा, कागदावर मध्ये ठिपका काढा आणि पाच छर्रे मारा. एकेका छर्ऱ्यावर दुर्बिणीच्या चकत्या फिरवत बसू नका, पाचांच्या घोळक्याचा मध्य पाहा. चकतीवर पाव मिनिटाची (कोनाच्या, घड्याळाच्या नव्हे) खूण असेल, तर दहा मीटरवर एक टिकटिक छर्रा साधारण पाऊण मिलिमीटर हलवते, नेमकं सांगायचं तर ०.७३. घोळका ठिपक्याच्या १८ मिलिमीटर खाली आणि १२ मिलिमीटर डावीकडे पडला, तर वर पंचवीस टिकटिक आणि उजवीकडे सोळा. पुन्हा पाच मारा. दुसऱ्या फेरीत बहुतेक वेळा बसतं. बसलं नाही आणि घोळका प्रत्येक वेळी जागा बदलू लागला, तर चकत्या सोडा आणि कड्यांचे स्क्रू तपासा.

पनवेलचा पावसाळा हा रायफलीचा मोठा शत्रू. जूनपासून चार महिने लोखंडावर हात ठेवला की बोटांचा ठसा दुसऱ्या दिवशी तांबूस होतो. दर वेळी मारून झाल्यावर तेलाच्या फडक्याने बाहेरून पुसा. नळीच्या आत मात्र तेल ओतू नका, स्प्रिंगच्या रायफलीत ते हवेच्या दाबाने पेट घेतं. स्पंजाच्या अस्तराची पेटी पावसाळ्यात ओल धरते, म्हणून तिच्यात रायफल महिनोन्‌महिने ठेवू नये. कपाटात उभी, हवेशीर बरी. दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी आली की ती काचेवरचा थर खाते आणि मग पुसून जात नाही. नायट्रोजन भरलेली, सीलबंद घ्या, आणि कॅमेरेवाले ठेवतात तशी सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा. निळी पुडी गुलाबी झाली की तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येते. पीसीपीवाल्यांनी हातपंपाने भर पावसात हवा भरू नये, आत पाणी जमतं. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चालत नाही, आणि जुनी रायफल ‘स्वस्तात’ घेताना नेमकी हीच तारीख पाहायची राहते.

घरी सराव करायचाच असेल, तर बाल्कनीत नाही. ४.५चा छर्रा दोनशे-तीनशे मीटर सहज जातो, म्हणजे खांदा कॉलनीतल्या एका गच्चीवरून सुटलेला तीन गल्ल्या पलीकडे पडतो. बंद पॅसेज, मागे जाड लाकडी पेटी, तिच्यात दाबून भरलेली रद्दी, आणि त्या पॅसेजमध्ये उघडणारं दार नको. लोखंडी पत्र्यावर मारू नका, छर्रा उलटून डोळ्यात येतो. सगळ्यांना चष्मे. रायफल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही अशी.

शेवटी हिशेबाचं. तीस हजार खर्च करायची तयारी असेल, तर पहिले तीन महिने एक पैसाही दुकानात देऊ नका. क्लबची फी भरा, क्लबची रायफल वापरा, छर्रे तेवढे स्वतःचे आणा. तीन महिन्यांनी दस्ता किती लांब हवा, चाप कसा हवा हे प्रशिक्षकच सांगेल. कदाचित असंही कळेल की तुम्हाला रायफल नव्हे, पिस्तूल आवडतं. मग उरलेल्या पैशांत स्प्रिंगची एक चांगली रायफल आणि वर्षभराचे छर्रे बसतात. दुर्बीण त्याच्याही नंतर. येत्या रविवारी सकाळी बंद बूट घालून आणि आधार कार्ड घेऊन रेंजवर जा, आणि नेरेतल्या रानडुकरांचं काम वनखात्यावर सोडा.